धानाची झोपमोड

धानालाही झोप लागते, हे मला वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

माणसाला लागते, बैलाला लागते, ग्रामसभेत पहिल्या रांगेत बसणाऱ्यांना तर हमखास लागते. पण धान? धान म्हणजे चिखलात उभं केलेलं गवत! तो रात्री उभ्या उभ्या काय करतो, याची चौकशी आमच्या घराण्यात कोणी केली नव्हती. पूर्वज माळव्यातून निघाले, इकडे आले, जंगल तोडलं, बांध घातले, धान लावला आणि दिवेलागणीला जेवून झोपले. धानही झोपला. कोणाची कोणाबद्दल तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती मी घर बांधल्यावर.

'घर' मी आता म्हणतो. तेव्हा मी त्याला 'विला' म्हणत होतो. नागऱ्याच्या पुढे आमचं गाव, गावाच्या टोकाला आमचं घर, घरापुढे आमच्या काकाजींची धानाची बांधी (म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला शेताचा तुकडा) आणि बांधीपलीकडे गोंदियाला जाणारा रस्ता. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बसमधल्या प्रत्येक माणसाला कळलं पाहिजे की हे घर कोणाचं, म्हणून मी गच्चीच्या कठड्यावर लोखंडी पत्र्याची कापलेली अक्षरं उभी केली : 'हेमराज विला'. प्रत्येक अक्षर उभ्या माणसाएवढं. (बायको म्हणते, बसलेल्या माणसाएवढं. तिला मोठेपणा सहन होत नाही.)

काकाजी अक्षरं पाहायला आले. फागुलाल काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. धोतर गुडघ्यापर्यंत, आवाज पुढच्या गावापर्यंत. बांधावर उभं राहून, डोळ्यांवर हात धरून त्यांनी अक्षर अक्षर जुळवलं आणि विचारलं,

"घराले विळा काऊन म्हनतेस बे?"

"विळा नाई काकाजी, विला! मोठ्या लोकायच्या घराले म्हनतेत."

"मंग मोठ्या लोकायले राहू दे ना. तू कायले राहून राहिला?"

मी दुर्लक्ष केलं. माझी चिंता वेगळी होती. शेवटच्या दोन बस अंधार पडल्यावर जात होत्या, आणि त्यातल्या लोकांना माझं नाव दिसतच नव्हतं! एवढी माणसं माझ्या नावावाचून घरी जातात, या विचाराने मला जेवण जाईना. (बायको म्हणते, जात होतं. पण ते असो.)

गेलो गोंदियाला. बाजारातल्या लाइटवाल्या शेटजींनी विचारलं, "भैया, कितना एरिया है?"

"एरिया छोड़ो, नाम दिखना चाहिए. रोड से."

शेटजींनी आतून एक वस्तू काढली. दोन नोकर धरून आणत होते. "ये देखो. क्रिकेट के मैदान में लगता है. पूरे मैदान में चार लगते हैं."

"एक दे दो."

"पीछे से मारना, अक्षर उठके दिखेंगे. और ये टोपी भी ले लो साथ में. लाइट नीचे रहेगी, इधर-उधर फैलेगी नहीं."

"अरे शेटजी, फैलना ही तो मंगता है अपने को!"

शेटजींनी टोपी परत ठेवली आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला पुढे बऱ्याच लोकांकडून मिळणार होती.

पोळ्याच्या आसपास मी तो दिवा पाण्याच्या टाकीवर खांब ठोकून बसवला आणि तिन्हीसांजेला बटण दाबलं. आता काय सांगू! कोंबडे आरवले. गावातल्या गाई दूध काढायच्या वेळेला येतात तशा उठून उभ्या राहिल्या. शेजारच्या म्हातारीने अंथरुणातून उठून तोंड धुतलं, पूजा केली, चहा पिऊन 'आज झोप लवकर संपली' म्हणाली, तेव्हा तिच्या सुनेने नुकतंच रात्रीचं जेवण वाढायला घेतलं होतं. दरेकशाच्या डोंगरातून आमच्या गावावर पहाट झालेली दिसते, असं तिकडचा एक जण मला शपथेवर सांगून गेला. (दरेकसा इथून कितीतरी लांब आहे. पण शपथेवर सांगणाऱ्याला मी खोटं कसं म्हणू?)

नाव मात्र झकास दिसत होतं. पांढऱ्या झोतापुढे काळी कुळकुळीत अक्षरं. बस यायची, मी कठड्याशी उभा राहायचो, आणि ड्रायव्हर हाताने डोळे झाकून शिव्या देत निघून जायचा. मला वाटायचं, हात दाखवतो आहे. मीही हात दाखवायचो.

घरात पहिली तक्रार ताटावरून आली.

मी म्हटलं, "वरणात आज जिरं जास्त पडलं वाटते."

बायको म्हणाली, "नीट पाहा. जिरं उडून राहिलं."

तुडतुडे! धानावरचा किडा. साऱ्या शिवाराचे तुडतुडे आमच्याकडे पाहुणे आले. वरणात, भातात, पाण्याच्या ग्लासात, माझ्या बोलताना उघडलेल्या तोंडात. (बायको म्हणते, त्यामुळे निदान जेवताना शांतता झाली.) आम्ही ताटावर ताट झाकून, मधूनच फट करून, घास चोरून खाऊ लागलो. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाचं, चोरासारखं!

दुसरी तक्रार काकाजींची. ते बारा महिने अंगणात खाटेवर झोपणारे. आता एकही ढग नसलेल्या रात्री ते उघडी छत्री डोक्यावर धरून झोपू लागले.

"हेमराज," ते बांधावरून म्हणाले, "तो तुझा सूर्य विझव बे जरा. मले झोपेत घाम येऊन राहिला."

"काकाजी, तुमच्याच फायद्याचं आहे. उजेडानं रानडुक्कर भेते. तुमच्या धानाची फुकट राखन होऊन राहिली!"

डुकरं आली. आधी ती अंधारात धडपडत, बांधावरून घसरत यायची. आता आरामात आली, सगळ्या बांध्या नीट पाहिल्या, पसंत केल्या आणि मग खायला बसली.

आता गंमत बाजूला ठेवून सांगतो की त्या बांधीत होतं काय. त्यात चिन्नोर होता. आमच्याकडचा जुना, सुवासाचा धान. एका घरी शिजला तर चार घरी वास जातो. काकाजींनी तो विकायला लावला नव्हता. त्यांची एकुलती एक मुलगी टिकेश्वरी, तिचं लग्न देवरीच्या मुलाशी ठरलं होतं, शिमग्याच्या आधीचा मुहूर्त. सुपारी फोडताना होणारे व्याही म्हणाले होते, "तुमच्या गोंदियाकडं आता खरा चिन्नोर राहिला कोठी? सारा बाजारचा." आणि काकाजी मांडी बदलून, मिशीवरून हात फिरवून भर बैठकीत बोलून गेले होते,

"लग्नाच्या पंगतीत माझ्या बांधीचा चिन्नोर पडंल. बाजारचा एक दाना पडला, तर मी मांडवात पाय ठेवनार नाई!"

स्वतःच्या मुलीच्या मांडवात! काकाजींचा शब्द म्हणजे शब्द. त्यांनी एकदा शब्दाखातर बारा महिने चहा सोडला होता, आणि त्या वर्षी काकी माहेरी जास्त राहिल्या होत्या.

दिवाळी आली. चिन्नोर उशिराचा धान, पण दिवाळीपर्यंत तोही निसवतो, म्हणजे त्याच्या लोंब्या बाहेर पडतात. बाकीच्यांच्या बांध्या पिवळ्या होऊन वाकल्या. काकाजींचा धान उभाच! हिरवागार, ताठ, कमरेच्या वर, एक लोंबी नाही. पोलीस भरतीला आलेल्या पोरांसारखा नुसता वाढत होता.

काकाजी बांधावर बसून राहू लागले. आवाज पुढच्या गावापर्यंत जायचा तो आमच्या गच्चीपर्यंतही येईना.

सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं बियाणं खोटं. कोणी म्हणालं खत जास्त झालं. काकींनी धानाची दृष्ट काढली. कृषी केंद्रवाल्याने टॉनिक दिलं. धानाने ते पिऊन आणखी उंची वाढवली. मग मी, गावातला शिकलेला माणूस (बीए, दुसऱ्या वर्षापर्यंत), पुढे झालो.

"काकाजी, रोग माह्या ध्यानात आला. तुमच्या धानाले ऊन कमी पडून राहिलं."

"ऊन?"

"यंदा पाऊस लांबला ना! दाना भराले ऊन लागते. दिवसाचं कमी पडलं, ते रात्री भरून काढू. आतापर्यंत मी लाइट जेवनं झाल्यावर बंद करत होतो. आजपासून सकाळपर्यंत चालू ठेवतो. धानाले ओव्हरटाइम!"

"बिल?"

"तुमच्या पोरीच्या लग्नात माहा आहेर समजा!"

काकाजींचे डोळे भरून आले. "दादा गेला, पन पोरगा चांगला ठेवून गेला," असं ते काकींना म्हणाले. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण माझ्याविषयी ते पुन्हा असं बोललेले नाहीत.

मी रोज सकाळी गच्चीवर जाऊन धानाची तब्येत पाहू लागलो. आणि कार्तिक संपता संपता एका सकाळी पाहतो तो काय! हिरव्यागार बांधीच्या मधोमध पिवळे पट्टे! काही उभे, काही आडवे, काही वाकडे. वर एक लांब आडवी रेघ, आणि तिला लटकलेल्या आकृत्या. हिरव्या शालूवर जरीने काढल्यासारख्या! त्या पट्ट्यांत धान निसवला होता, पिकला होता, भरल्या लोंब्यांनी वाकला होता. पट्ट्याबाहेर एक लोंबी नाही.

"काकाजी!" मी गच्चीवरून ओरडलो. "धावा! धानात लिहिलेलं आहे!"

सारं गाव माझ्या गच्चीवर. कठड्यावरच्या अक्षरांच्या फटीतून डोकी घालून सगळे बघू लागले. लिहिलेलं होतं, यात शंका नव्हती. पण वाचता कोणालाच येईना. रेघ देवनागरीसारखी, अक्षरं भलतीच. शेजारच्या म्हातारीने हात जोडले. एक जण म्हणाला करणी. दुसरा म्हणाला, "करनी करनारा एवढं सुंदर लिहीत नाई गा." आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण बीए.

अशा वेळी 'मला येत नाही' म्हणायला फार मोठं मन लागतं. माझ्याकडे तेव्हा फक्त मोठी गच्ची होती.

"ही," मी खाकरून म्हटलं, "आपल्या पूर्वजायची लिपी आहे. माळव्याची."

"अरे बापा!"

"त्यायनं इथं आल्यावर पहिली बांधी हेच घातली असंल. जमिनीत लिहून गेले. आता धानातून वर येऊन राहिलं."

"का लिहिलं आहे?" काकाजींचा आवाज कापत होता.

मी डोळे बारीक केले. बोट हवेत फिरवून रेघा गिरवल्या. "लिहिलं आहे... की... या घराण्यात... एक थोर पुरुष जन्मा येईल..."

"कोन?"

"नाव पुसट आहे."

(बायको जिन्यात बसली होती. तिने कपाळावर हात मारल्याचा आवाज वरपर्यंत आला.)

नारळ फुटला. गुलाल उधळला. दुपारपर्यंत आजूबाजूच्या गावची माणसं पूर्वजांचं अक्षर पाहायला येऊ लागली, आणि मी प्रत्येक खेपेला त्या मजकुरात थोडी भर घालत गेलो. चार वाजेपर्यंत पूर्वजांनी थोर पुरुषाच्या रंगाचं, उंचीचं आणि दुमजली घराचंही वर्णन केलेलं होतं.

पाचच्या सुमारास टिकेश्वरी गच्चीवर आली. नवऱ्या मुलाला देवरीला फोटो पाठवायचा होता. तिने बांधीकडे पाठ केली, मोबाइल हात लांब करून धरला, ओठांचा चंबू केला, आणि तसाच ठेवून थांबली. मग चंबू गेला.

"बाबाजी," ती म्हणाली, "अठी या."

"का झालं वं?"

"मोबाइलात पाहा. मोबाइलात उलटं दिसते ना, आरशावानी? मंग ते उलटं अक्षर सुलटं होऊन राहिलं. वाचा."

काकाजींनी मोबाइल नाकाला लावला. त्यात लेकीचा अर्धा चेहरा, त्यामागे बांधी, आणि बांधीत सोन्यासारखी लोंबती अक्षरं. ते बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले. आणि बापरे, त्यांचा आवाज परत आला होता!

"हे... म... रा... ज..."

गच्चीवरची गर्दी मोबाइलभोवती दाटली. 

"...वि... ला."

मी म्हटलं, "पाहा! पूर्वजायले माहं नावसुद्धा माहीत होतं!"

पण टिकेश्वरी माझ्याकडे पाहतच नव्हती. ती कठड्यावरच्या लोखंडी अक्षरांकडे पाहत होती. मग मागे टाकीवरच्या दिव्याकडे. मग खाली बांधीकडे. पुन्हा अक्षरांकडे. तिच्या नजरेबरोबर सगळ्या गावाची मान फिरत होती. दिवा, अक्षर, बांधी, दिवा, अक्षर, बांधी.

"भाऊ," ती मला म्हणाली, "तुमच्या अक्षरायची सावली पडते ना खाली, तेवढ्या सावलीतच धान पिकला. जठी रातभर उजेड पडला, तठी हिरवाच राहिला. धानाले अंधार पाहिजे असंल. रात झाली हेच त्याले कळलं नाई, तर तो निसवंल कवा?"

गर्दीत आमच्या सर्कलचे कृषी सहायक होते, पूर्वजांच्या दर्शनाला आलेले. ते नारळाचं खोबरं खिशात घालत म्हणाले, "बरोबर आहे. चिन्नोरसारखा जुना धान रात्र लांबत गेली की निसवतो. मी मघाशी हेच म्हणणार होतो."

"मंग काऊन नाई म्हनले?" मी चिडून विचारलं.

"तुम्ही लिपी वाचत होता."

काकाजी वळले. ते जिना उतरले. स्वतःच्या घरात गेले. बाहेर आले तेव्हा हातात विळा होता.

माझ्या गच्चीवरून खाली यायला एकच जिना आहे, हे मला घर बांधताना फार सोयीचं वाटलं होतं. त्या क्षणी मी तो जिना सोडून पाइप, आंब्याची फांदी आणि शेजारचं छप्पर या तिन्हींचा विचार केला. लोक बाजूला झाले. (गाव किती प्रेमळ आहे ते अशा वेळी कळतं. मला पुढे ढकलणाऱ्या हातांत एक हात बायकोचा होता.)

पण काकाजी बांधीत उतरले. वाकले. आणि माझ्या नावाच्या पहिल्या काठीपासून कापायला सुरुवात केली. 'हे' गेला. 'म' गेला. सूर्य मावळेपर्यंत त्यांनी आख्खा विला विळ्याने कापून पेंढ्या बांधल्या. मग वर पाहून एवढंच बोलले,

"एवढ्यात लग्नाचं एक ताट होईल. बाकीच्या पंगतीले का तुझी बत्ती वाढू?"

त्या संध्याकाळी दिवा उतरला. आणि गावाने दरवाजे उघडून बाहेर अंधार आहे का ते पाहिलं. मीही पाहिलं. आकाशात एवढी रोषणाई होती की मी बायकोला विचारलं, "हे कोनाच्या लग्नाचं डेकोरेशन आहे? कनेक्शन कोठून घेतलं?"

"तारे आहेत ते," ती म्हणाली. "मागच्या वर्षीबी होते."

आता प्रश्न असा की उरलेला धान निसवणार की नाही. कृषी सहायक म्हणाले, "थंडी वाढायच्या आत निसवला तर दाणा भरेल. नाहीतर वैरण." काकाजी मांडवात पाय ठेवतील की नाही, ते आता धानाच्या झोपेवर होतं. मी ठरवलं, धानाला अशी झोप द्यायची की राजाला मिळणार नाही!

आधी माझं अंगण. फाटकापाशी दिवा तर हवा, पाहुणा गटारात पडायला नको. पण त्याचा उजेड पायापुरता, बांधीकडे एक कवडसा नको. टोपी शोधू लागलो. शेटजींची टोपी दुकानात. मग बायकोच्या माहेरचा गंज (म्हणजे भाताचं मोठं पातेलं) आठवला. त्याच्या बुडाला भोक पाडलं, आतून लहानसा पिवळा बल्ब सोडला आणि गंज उलटा टांगला. उजेड सरळ खाली! वर अंधार, बाजूला अंधार, खाली फाटक स्वच्छ.

बायको बाहेर आली. तिने गंज पाहिला. त्यावर तिच्या आईचं नाव कोरलेलं होतं.

त्याविषयी जास्त लिहीत नाही.

मग मी गावात फिरू लागलो. ज्यांची जळती बत्ती बांधीकडे तोंड करून होती त्यांच्या दारात उभा. "मावशी, हे बत्ती खाली वळवा. काम झालं की बंद करा. धान झोपून राहिला." मावशी म्हणायच्या, "तूच का रे तो, थोर पुरुष?" मी मान खाली घालून बत्तीवर टांगायला गंज मागायचो. रस्त्यावरच्या खांबाच्या दिव्याला ग्रामपंचायतीने ठराव करून पत्र्याची टोपी घातली. त्या बैठकीत एकही सदस्य झोपला नाही, कारण सगळे हसत होते. सायंकाळी बांधाजवळून कोणी बॅटरी लावून गेलं तर मी "श्श्श!" करायचो. सायकलची घंटी वाजवली तर तिलाही. (घंटीने धान उठत नाही हे मला माहीत होतं. पण आता कोणावर विश्वास ठेवायचा?)

काकाजी माझ्याशी बोलत नव्हते. रोज सकाळी बांधीत जायचे, धानाची एक काडी हातात धरून बोटाने दाबून पाहायचे, सोडायचे आणि माझ्या घराकडे पाठ करून परत यायचे. मी गच्चीवरून त्यांच्या पाठीवरून अंदाज घ्यायचो. पाठ दिवसेंदिवस वाकत चालली होती.

आणि एका सकाळी, दात घासत असताना, पुढच्या गावापर्यंत जाणारा आवाज आला.

"निसवला बे! हेमराज! निसवला!"

मी ब्रश तोंडात घेऊन तसाच बांधीत. काकाजी छातीभर धानात उभे, हातात एक नाजूक हिरवी लोंबी, नुकती डोकं बाहेर काढलेली. झोपेतून उठलेल्या बाळासारखी चुरगळलेली. आम्ही दोघं तिच्याकडे पाहत राहिलो. काकाजींना हुंदका आला. मला फेस आला.

दाणा बाकीच्यांइतका भरला नाही, पण भरला. कापणी झाली तेव्हा गावात सगळ्यांच्या धानाचा तांदूळ होऊन खाण्यातही आला होता. लग्नाच्या आठवड्यात चिन्नोर गिरणीतून आला, गोणीचं तोंड उघडलं, आणि शेजारची म्हातारी वासाने उठून आली. या वेळी वेळ बरोबर होती.

लग्नाला मंडपवाला चार मोठे झोत घेऊन आला, आकाशात फिरणारे. मी त्याच्या ट्रकपुढे आडवा पडलो. "वर कोन आहे तुझं? लग्न खाली होऊन राहिलं!" त्याने काकाजींकडे पाहिलं. काकाजी म्हणाले, "याचं आयक. याले अनुभव आहे." सगळे झोत ट्रकमध्येच राहिले. मांडवात गावभरचे गंज, टोपले आणि सुपं उलटी लटकली, प्रत्येकात एक पिवळा बल्ब, उजेड बरोब्बर पत्रावळीवर.

देवरीची वरात आली. व्याही गाडीतून उतरून म्हणाले, "लाईन गेली का जी?"

"नाई जी," काकाजी म्हणाले, "आमच्याकडं आता असंच राहते."

मग पंगत बसली आणि भात वाढला. तो वास मांडवात पसरला तशी बोलणी बंद झाली. व्याह्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला, आणि मग म्हणाले, "फागुलालजी, मानलं! असा चिन्नोर मी बापाच्या राज्यात खाल्ला होता. अन् हा मंद मंद उजेड! डोळ्याले किती गार वाटून राहिलं! हे डोकं कोनाचं?"

मी भाताची परात घेऊन शेजारीच उभा होतो. छाती आपोआप पुढे आली.

काकाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. विला कापल्याच्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"हा माहा पुतन्या," ते पुढच्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "यानं जन्मात उजेड पाडला तो एकदाच. अन् तोबी माह्या धानावर!"

आख्खी पंगत हसली. व्याह्यांच्या नाकात भात गेला. आणि मी गंजाच्या उजेडातून एक पाऊल मागे सरकलो. शेटजींची ती टोपी किती कामाची वस्तू होती, ते मला तिथे उभं राहून नीट पटलं : पत्रावळी सगळ्या दिसत होत्या, माझं तोंड कोणालाच दिसत नव्हतं.